पाखऱ्याची झूल

जनावरं आणि चीजवस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. सरकार तेव्हाही होतंच.

ऐन पोळ्याला पाखऱ्या बैलाच्या अंगावर गाठी उठल्या. त्याच्याच जिवावर भागाबाईचं घर चालायचं. आजारी बैल मिरवणुकीत कोण घेणार, म्हणून तिनं गाठींवर नक्षीची झूल टाकली.

"गप चाल बाबा," झूल म्हणाली. "माझ्याखालचं कुणाला दिसत नाही."

"तेच वाईट आहे बाई. माझ्या अंगावरच्या माशा उद्या दुसऱ्या बैलांवर बसतील. आणि मी असाच झाकलेला मेलो, तर सरकार मालकिणीला मदत कशावरून देईल? आजार डॉक्टरांनी पाहिलेला लागतो."

"अरे, पण सणाचा मान?"

"मानानं तिची चूल पेटत नाही."

वेशीपाशी जनावरांचे डॉक्टर उभे होते. तिथं पाखऱ्यानं असं अंग झाडलं, की झूल मातीत पडली. डॉक्टरांनी त्याला लगेच वेगळं बांधलं, आजाराची नोंद केली आणि बाकीच्या बैलांना लस टोचली.

पाखऱ्या वाचला नाही. गावातला दुसरा बैल मात्र एकही दगावला नाही. सरकारी मदतीतून भागाबाईनं नवा खोंड आणला. त्याला बघून झूल हौसेनं पुढं सरसावली, तशी भागाबाई म्हणाली, "थांब गं, आधी त्याचं अंग बघू दे."