उद्धवरावांची चौथी टेस्ट

"पण रस्त्यावर कुणीच नाही, तर मी थांबायचं कुणासाठी?"

उद्धवरावांनी हे विचारलं तेव्हा गाडी चौकातल्या 'स्टॉप' लिहिलेल्या लाल पाटीपाशी उभी होती. त्यांनी थांबवली म्हणून नव्हे. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला होता म्हणून.

बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मी थांबलो होतो," उद्धवराव म्हणाले.

"चाकं फिरत होती, भैया."

"फिरत होती म्हणजे... किंचित."

"समोर बघा. कोण आहे?"

"कुणी नाही."

"पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. रुंद, स्वच्छ, ऊन पडलेला रस्ता. दोन्ही बाजूंना कौलारू बैठी घरं. माणूस नाही, कुत्रं नाही.

"कुणी नाही, बाई."

"पुन्हा."

...

"आता चला," बाई म्हणाल्या.

उद्धवराव गोंधळले. "कोण होतं?"

"मला काय ठाऊक?"

"मग इतका वेळ थांबवलंत कशाला?"

"तुम्ही बघत होतात म्हणून."

हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थ शहराच्या एका उपनगरात घडत होतं. उद्धवराव तायशेटे एकसष्ट वर्षांचे. बायको गेल्यावर मुलीनं, ऋतुजानं, त्यांना कायमचं इकडे बोलावून घेतलं. आपल्याकडचं लायसन्स इथे तीन महिने चालतं, मग इथलं काढावं लागतं. उद्धवराव तेव्हा हसले होते. कारण एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. एका जिल्ह्याच्या आरटीओ कचेरीत ते मोटार वाहन निरीक्षक होते. किती हजार माणसांनी त्यांच्यासमोर मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, त्याची गणती नव्हती. त्यांच्या सहीशिवाय त्या जिल्ह्यात गाडीचं चाक हलत नसे, असं लोक म्हणत. आणि ते त्यांना आवडे.

इथे ते तीनदा नापास झाले.

पहिल्यांदा वाटलं, परीक्षकाला आपलं इंग्रजी कळलं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, आपल्या रंगाचं काही असेल. तिसऱ्यांदा परीक्षक स्वतःच पंजाबी निघाला, अदबीनं "अंकल" म्हणाला, आणि नापास करून गेला. तिन्ही कागदांवर एकाच रकान्यात फुल्या होत्या. रकान्याचं नाव होतं 'निरीक्षण'.

निरीक्षण! एकतीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाला!

घरी ऋतुजाला आठवा महिना होता. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलेलं. जावई केदार खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. हॉस्पिटल तेवीस किलोमीटरवर.

"बाबा, वेळ आली तर ॲम्ब्युलन्स येते इथे. तुम्ही काळजी करू नका," ऋतुजा म्हणायची.

तिनं असं म्हटलं की त्यांना घास उतरत नसे. दारात गाडी उभी, घरात एकतीस वर्षांचा निरीक्षक, आणि पोरीनं ॲम्ब्युलन्सची वाट बघायची?

मग कुणीतरी रामकलीबाईंचं नाव सांगितलं. बाई फिजीच्या. ऊसतोडीसाठी हिंदुस्थानातून बोटीनं नेलेल्या मजुरांच्या पणती. तिकडे वीस वर्षं त्यांनी बस चालवली, आता सत्तरीत इथे गाडी शिकवतात. हिंदी बोलतात, जुन्या वळणाची. उद्धवरावांची हिंदी मराठी वळणाची. दोघांचं भागायचं. भागायचं ते बोलण्यापुरतं. बाई बोलल्या त्याचा अर्थ काय, यावर उद्धवराव घरी येऊन डोकं धरून बसत.

"शिकवतात तरी काय?" केदारनं विचारलं.

"काहीच नाही. बघा म्हणतात. बघितलं की पुन्हा बघा म्हणतात."

चौथी टेस्ट मंगळवारी होती. बुधवारी केदार खाणीवर परत जाणार होता. आदल्या शुक्रवारी उद्धवराव बाईंच्या गाडीशी आले, आणि चालकाच्या सीटवर बाई बसलेल्या.

"आज मी चालवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही परीक्षा घ्या."

उद्धवराव दुसऱ्या बाजूनं आत बसले. बाईंनी त्यांच्या हातात कागद दिला, पेन दिलं. पेन हातात आलं तशी त्यांची पाठ ताठ झाली. कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

"चला. डावीकडे घ्या."

बाईंनी डावीकडे घेतली.

"सरळ. उजवीकडे. गाडी मागे घ्या. पुरे."

त्यांचा आवाज बदलला होता. बाई निमूटपणे ते सांगतील तसं करत होत्या. अर्ध्या तासानं गाडी परत जागेवर आली. उद्धवरावांनी कागदावर सही ठोकली, तारीख घातली.

"नापास," ते म्हणाले. थोडं गमतीनं, थोडं तीन फुल्यांचा हिशेब चुकता करत.

"काय चुकलं, साहेब?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात या."

हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. जिभेला वळण होतं, तिनं म्हटलं.

बाईंनी इंजिन बंद केलं. त्यांच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"काय चुकलं, साहेब?"

उद्धवरावांनी कागदाकडे बघितलं. कागदावर सही होती, तारीख होती. बाकी काही नव्हतं.

"तुम्ही... त्या वळणावर..."

"कुठल्या?"

...

गाडी तापू लागली. काच खाली करावी, असं दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

शेवटी उद्धवराव म्हणाले, "एक माणूस होता. कुदळे म्हणून. टेम्पोवर चालकाची नोकरी लागणार होती त्याला. पाच वेळा आला माझ्याकडे. दर वेळी विचारायचा, साहेब, काय चुकलं तेवढं सांगा."

"मग?"

"पाचव्यांदा नापास झाला, नंतर आला नाही."

"काय चुकत होतं त्याचं?"

उद्धवरावांनी खरोखर आठवून बघितलं. कुदळेचा शर्ट आठवला, इस्त्रीचा, खास त्या दिवसापुरता घातलेला. हातातली कागदांची पिशवी आठवली. मैदानातली गाडी मात्र आठवेना.

"आठवत नाही, बाई." मग थांबून म्हणाले, "बहुतेक मी बघितलंच नव्हतं. पुढच्या फाइली चाळत असेन."

वाटलं, बाई आता काहीतरी बोलतील. चांगलं, वाईट, काहीही. त्यांनी ऐकून घ्यायची तयारी केली होती.

बाईंनी कागदाची घडी घालून ती त्यांच्या खिशात ठेवली.

"घरी जा, भैया. मुलगी वाट बघत असेल."

शनिवार, रविवार, सोमवार उद्धवरावांनी गाडीला हात लावला नाही. उपनगरातून पायी हिंडले. नुसते कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहत. ऋतुजा म्हणाली, "बाबा, बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "कळत नाही गं." आणि ते खरंच होतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, याची त्यांच्या मनात इतकी गल्लत झाली होती, की स्वतःच्या बुटाची लेस बांधतानाही हात अडखळे.

मंगळवारी परीक्षक म्हणून एक तरुण पोरगी आली. ऋतुजाहूनही लहान. तिनं सांगितलं तिकडे उद्धवराव गेले. पण कसे! प्रत्येक वळणावर त्यांचा जीव दचके. आरशात दिसलं त्यावर विश्वास बसेना, म्हणून मान वळवून बघायचं; मान वळवून बघितलं त्यावरही बसेना, म्हणून पुन्हा बघायचं. एका तिठ्यावर सायकलवाली म्हातारी पायडलवर एक पाय ठेवून उभी होती. तिला जायचंय की नाही, हे कळेना. म्हातारीलाही याचं काय चाललंय कळेना. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मला कळत नाही तिला कुठे जायचंय," उद्धवराव मोठ्यानं बोलून गेले. मराठीतच.

पोरीनं कागदावर काहीतरी लिहिलं.

म्हातारीनं शेवटी हात हलवला आणि गेली. संपलं, ते मनात म्हणाले. एवढी वाईट गाडी आपण जन्मात चालवली नाही. शिकाऊ असताना, पंचाहत्तर सालच्या जीपवरसुद्धा नाही. गाडी परत कचेरीच्या आवारात लावली तेव्हा त्यांनी पोरीकडे बघितलंही नाही. ऋतुजाला काय सांगायचं, ते मनात जुळवत बसले.

पोरगी म्हणाली, "पास."

त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं.

दोनच बारीक फुल्या होत्या. एक सावकाश चालवल्याची. दुसरी कशाची, ते तिनं नीट समजावून सांगितलं, आणि उद्धवरावांनी ते एखाद्या शाळकरी मुलासारखं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी दहाला ऋतुजाला कळा सुरू झाल्या. केदार खाणीवर. उद्धवराव तिला घेऊन निघाले. तेवीस किलोमीटर ती त्यांची बाही घट्ट धरून होती, आणि एकदाही "बाबा, जपून" म्हणाली नाही. संध्याकाळी मुलगी झाली.

बाराव्या दिवशी ते दूध पावडरीचे पेढे घेऊन रामकलीबाईंकडे गेले. बाई अंगणात गाडी धूत होत्या. त्यांनी हात पुसले, पेढा घेतला, बाळाचं वजन विचारलं.

उद्धवराव उभेच राहिले.

"बसा ना."

"बाई, एक विचारायचंय. कुणाला विचारू, कळत नाही."

"विचारा."

"पहिल्या तिन्ही वेळा मी उत्तम चालवली. अगदी उत्तम. हात कापला नाही, गाडीला गचका नाही. तिन्ही वेळा नापास. आणि चौथ्यांदा... चौथ्यांदा मला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. प्रत्येक कोपऱ्यावर वाटत होतं, आपल्याला गाडी येतच नाही. आणि पास! हे कसं?"

बाई पेढा चघळत राहिल्या.

"लेकीला हॉस्पिटलात नेताना?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाही तसंच. येत नाही असंच वाटत होतं. आजही इथवर तसाच आलो."

...

बाईंनी बादलीतलं फडकं उचललं, पिळलं आणि पुन्हा काच पुसायला लागल्या.

"जपून राहा, भैया," त्या म्हणाल्या. "दोन-चार महिन्यांत पुन्हा 'येतं' असं वाटायला लागेल."