सातू कसा होता

फार मागची गोष्ट. घाटाच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक पानमळेवाला राहत होता. त्याचं नाव सातापा. घरात बायको होती आणि बाळकू नावाचा हाताशी आलेला मुलगा होता.

विड्याच्या पानांचा मळा मोठा हट्टी असतो. त्याला रोज पाणी हवं, वेल रोज बांधायला हवेत, पानं वेळेवर खुडायला हवीत. ऊन जास्त झालं तर वेल मान टाकतो, पाणी जास्त झालं तर मूळ कुजतं. म्हणून सातापा उजाडताच मळ्यात शिरायचा, तो दिवस मावळल्यावरच बाहेर यायचा. कुणाच्या लग्नाला गेला तरी अक्षता टाकून लगेच परत. बोलणंही बेताचंच. "पाणी फिरलं का?" "पानं झाकून ठेव." एवढ्यावर बापलेकांचा दिवस सरायचा.

बाळकूही तसाच घडला. आपले आबा म्हणजे काम, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यात काही उणं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. उलट त्याला अभिमानच होता.

एकदा दुपारी दोघं बांधावर भाकरी खात बसले होते. सातापा म्हणाला, "बाळकू, तुझ्या आत्याकडं जाऊन यावं म्हणतोय. लई वरसं झाली. तूही चल."

आत्या घाटावर राहायची. जायला यायला चार-सहा दिवस मोडणार होते.

"आता कसं जमंल, आबा?" बाळकू म्हणाला. "वेल उतरवायचेत. ते झालं की जाऊ."

"खरं आहे तुझं," सातापा म्हणाला आणि हात झटकून उठला.

वेल उतरवून, म्हणजे उंच गेलेले वेल खाली घेऊन पुन्हा बांधून झाले. सातापाने पुन्हा विषय काढला. या वेळी तो जरा अडखळत बोलला. "शेजारी बघतील चार दिवस मळ्याकडं. मी बोललोय त्यांच्याशी. वाटेनं जाता जाता आपलंही जरा बोलणं होईल. इथं काय, पाण्याशिवाय दुसरं काही निघतच नाही तोंडातून."

बाळकूचं लक्ष पाटाकडे होतं. पाट एका जागी फुटला होता. खोरं उचलत तो म्हणाला, "आबा, विहिरीचा गाळ काढू या आधी. आत्या कुठं पळून चाललीय?"

सातापा हसला. "मग तसं करू," म्हणाला.

गाळ काढायचं काम चालू असतानाच एका सकाळी सातापा वेल बांधता बांधता खाली बसला. बाळकू पाणी घेऊन धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सारं गाव जमलं. जो तो म्हणाला, "काय कष्टाळू माणूस! असा मळा पंचक्रोशीत नाही." बाळकू मान खाली घालून ऐकत होता. रडू येत होतं, तरी ते शब्द ऐकून त्याला बरं वाटत होतं.

दिवसकार्य झालं. आत्याला निरोप कधीच पोचला होता, पण ती आता फार थकली होती. घाट उतरून येणं तिला शक्य नव्हतं. म्हणून तिला भेटायला बाळकू निघाला. मळा शेजाऱ्यांनी सांभाळला. कुणाचं काही अडलं नाही.

आत्या ओसरीवर बसली होती. बाळकू पाया पडला. तिने त्याला जवळ बसवून घेतलं, बराच वेळ पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सांग बाबा, माझ्या सातूबद्दल सांग."

बाळकू सांगू लागला. आबांनी माळाचा मळा कसा केला, विहीर कशी बांधून काढली, तापातसुद्धा पाणी द्यायला कसे जायचे. आत्या ऐकत होती. तो थांबल्यावर म्हणाली, "हे कामाचं झालं. सातू कसा होता ते सांग. अलीकडं त्याला काय खावंसं वाटायचं?"

बाळकू गोंधळला. "पानात पडंल ते खायचे."

"आणि नकला? म्हातारपणीही करायचा का रं?"

"नकला? आबा?"

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला ठाऊक नाही? अरे, लहानपणी गावात बहुरूपी आला, तर हा पोरगा त्याच्या मागं पळून गेला होता! गावोगाव हिंडला. आमचे वडील शोधून शोधून दमले. परत आला तो सगळ्यांचे आवाज, चाली, खोड्या शिकूनच. गावातला एक माणूस त्यानं सोडला नाही. आमचे भटजी शिंकायच्या आधी कसं तोंड करायचे, बघ."

आणि त्या म्हातारीने डोळे बारीक केले, नाक वर ओढलं, एक हात हवेत धरला. शिंक काही येईना. ती तशीच थांबली, डोळे किलकिले करून. शेवटी शिंक न येताच निराश होऊन तिने पंचा सारखा केल्यासारखं केलं.

बाळकू खदखदून हसला. वडील गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. हसता हसताच त्याला हुंदका फुटला आणि मग तो थांबेना.

आत्याने त्याला रडू दिलं. नंतर सावकाश म्हणाली, "वडील अंथरुणाला खिळले. माझं लग्न व्हायचं होतं. एके दिवशी सातूनं मुकाट्यानं खोरं उचललं. पुन्हा म्हणून तो कुठं गेला नाही. मागं पानं घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर त्यानं निरोप धाडला होता. म्हणाला, 'अक्का, औंदा पोराला घेऊन येतो. मी कसा होतो ते तू त्याला सांग. माझं मला सांगवत नाही.' मी रोज वाटेकडं डोळे लावून बसायची."

बाळकूला आबांचं ते अडखळत बोलणं आठवलं. आबांनी किती धीर करून विचारलं असेल, आणि आपण पाटाकडे बघत उत्तर दिलं! पाटाची फूट तर कधीही बुजवता आली असती.

चार दिवस राहून तो घरी परतला. आई चुलीपुढे होती. तो तिच्याजवळ बसला. "आई, आबा नकला करायचे, तुला माहीत होतं?"

आईचा हात थांबला.

"लग्न झालं त्या वर्षी एकदा केली होती," ती म्हणाली. "माझ्या मामाची. मी पोट धरधरून हसले. आत मामंजी, तुझे आजोबा, अंथरुणावर होते, त्यांनी ऐकलं असंल म्हणून मला भीती वाटली. मी म्हणाले, पुरे आता. घरकर्ता माणूस तुम्ही, लोक काय म्हणतील?" तिने पदराने डोळे पुसले. "पुन्हा केली नाही त्यांनी. मीही पुन्हा करा म्हणाले नाही. लई वेळा वाटलं म्हणावं. राहूनच गेलं."

बाहेर शेजाऱ्याने हाक मारली, "बाळकू, पाण्याची पाळी तुझी!"

"या पाळीला तूच घे," बाळकूने बसल्या जागेवरून सांगितलं. मग तो आईकडे वळला. "आई, तुला काय आवडतं?"

"मला?" आई चमकली. "असं कुणी विचारलंच नाही बघ कधी." ती हसायला गेली, पण तिला हसता आलं नाही. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत ती म्हणाली, "थांब. आठवावं लागंल."

बाळकू थांबला.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: घरासाठी राबणाऱ्याचं काम साऱ्या गावाला दिसतं, पण तो माणूस मात्र विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारायचं असतं ते तो आपल्यात असतानाच.