राजाच्या आयुष्याची पेवं

जातककथा सांगण्यात आमच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही. दुसरा कोणी सांगतच नाही, हेही खरं. तेव्हा ऐका.

पूर्वी शोणपूर नगरात राजा धृतिमान राज्य करीत असताना बोधिसत्त्व उंदराच्या जन्माला आला. हसू नका; तुमचा मागचा जन्म कुठला, कोणास ठाऊक. त्या नगराची एक रीत होती. दर सुगीला राजाच्या नावानं जमिनीखाली एक पेव धान्यानं भरायचं आणि त्याचं तोंड लिंपून टाकायचं. जितकी पेवं, तितकं राजाचं आयुष्य. एक जरी उघडलं तर राजा जाईल, अशी सगळ्यांची पक्की समजूत. राजा मायाळू होता, म्हणून लोक उपाशी निजत, पण पेवाला हात लावत नसत. बोधिसत्त्वाचं कूळ मात्र बीळ पाडून आतच सुखानं नांदत होतं.

पुढे नगरात मुलंबाळं वाढली. त्यातच पिकं बुडाली. प्रधान म्हणाला, "महाराज, खाणारी तोंडं वाढली म्हणून भूक वाढली. यंदापासून ज्या घरी मूल जन्मेल, ते घर नदीपलीकडे घालवावं." नदीपलीकडे नुसतं रान. राजानं जड मनानं मान हलवली.

बुरडाची बायको मंजुला नुकतीच बाळंत झाली होती. दवंडी ऐकून ती पेवांच्या माळावर येऊन बसली. अंगावर दूध नव्हतं. पोर रडत होतं, आणि धान्य तिच्या पायाखाली होतं.

"उगी रे," ती म्हणाली, "आपला राजा जगू दे."

खाली बोधिसत्त्वानं ते ऐकलं. तोंडातला दाणा त्याला गिळवेना.

"मी राजाकडे जातो," तो उंदरीला म्हणाला.

"जा की. आणि ही पिलं काय माती खातील?"

"ते वरचं लेकरू आत्ताच उपाशी आहे गं," असं म्हणून तो निघाला.

दरबारात उंदीर बोलू लागला तसा प्रधान आसनावर चढून उभा राहिला. बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "महाराज, माणसं वाढली हे खरं. पण तुमची पेवंही दर साली वाढत गेली. ती उघडा."

"मग मी मरेन."

"माझे आजोबा पेवातच जन्मले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राजाचं आयुष्य कुरतडतो आहोत. आज सकाळीही पोटभर खाल्लं. तुम्ही तर धडधाकट बसला आहात."

राजानं हळूच आपल्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग तो उठला, माळावर गेला आणि त्यानं स्वतः पहिलं पेव फोडलं. कडेचं धान्य काळं पडलं होतं, मधलं चांगलं होतं. त्यातले ओंजळभर जोंधळे त्यानं मंजुलेच्या पदरात घातले. एकही घर नदीपलीकडे गेलं नाही. रानात गेलं ते फक्त बोधिसत्त्वाचं बिऱ्हाड.

त्या जन्मीचा उंदीर म्हणजे आपले भगवान. राजा पुढे त्यांच्या संघात भिक्खू झाला, मंजुला भिक्खुणी. प्रधान कोण ते सांगत नाही. पुढच्याच रांगेत बसलाय. आणि ती कुरकुरणारी उंदरी म्हणजे ही इथं ऐकत बसलेली आमची कौतिका. घ्यायचा गुण तो त्याग: आपलं भरलेलं घर दुसऱ्याच्या लेकरासाठी उघडणं.

कौतिका म्हणाली, "त्याग त्याचा, बरं. पण रानात त्या पिलांना रोज काय खाऊ घातलं, ते कथेत नाही आलं. ते तिनंच बघितलं असणार, नाही का?"