दरवर्षी सरकणारी वाट

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात म्हणे घरांपेक्षा वाटाच जास्त. तळ्याची वाट, बाजाराची वाट, शाळेची वाट. कुणी पायी जाई, कुणी सायकलवर. या वाटा सांभाळायला गावाने एक मुकादम नेमला होता. त्याच्या डोक्यावर लाल पागोटे असे, आणि ऐट पागोट्याहून मोठी.

एकदा गावपंचायतीचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "सगळ्या वाटांचा नकाशा कर. मी स्वतः फिरून तपासणार. एक जरी वाट चुकली, तर पागोटे परत द्यायचे."

मुकादम सायकलवर गावभर फिरला. नकाशा शाईने झकास उतरला. अडली ती फक्त माळावरची वाट. गेल्या वर्षी ती बाभळीच्या डावीकडून वळत होती, यंदा उजवीकडून! मधे ना खड्डा, ना खडक.

"रिकाम्या माळावर वळायचे कशाला?" असे म्हणून त्याने नकाशात सरळ रेघ मारली. माळावरही चुना लावलेले दगड सरळ मांडायला घेतले. रांग अर्धी झाली आणि दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर लोक दगड सोडून पुन्हा वळसा घालूनच चाललेले! मुकादमाला राग आला, पण रागापेक्षा नवल जास्त वाटले. त्याने सायकलवरच्या गुरुजींना थांबवले.

"गुरुजी, इथे का वळलात?"

"पुढे कासार वळला, म्हणून मी वळलो."

कासाराने दूधवाल्याकडे बोट दाखवले. दूधवाला म्हणाला, "मी तर दहीवाल्या आजीच्या मागनं जातो. माळावर सगळ्यात आधी तीच येते."

तपासणीच्या दिवशी मुकादमाने पहाटेच आजीला माळावर गाठले. "आजी, ही वाट तू का वळवतेस?"

"मी कशाला वळवू, बाबा? वळवणारी निराळीच हाय. पण सायकलीवरनं दिसायची न्हाई. उतर खाली. आता वाक."

तो वाकला. एक टिटवी ओरडत त्याच्याभोवती धावू लागली. खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची, चार अंडी होती. त्याच्या दगडांची रांग तिथून वीतभर अलीकडे संपली होती.

"दरसाल ती नवी जागा धरती," आजी म्हणाली. "मी तिला टाळून जाते, गाव माझ्या मागनं येतं."

एवढ्यात दूरवर अध्यक्षांची सायकल दिसली. दगड तसेच ठेवले, तर नकाशा बरोबर ठरणार होता आणि पागोटे वाचणार होते. पण अध्यक्षांचे चाक त्याच सरळ रेषेत येणार होते.

मुकादमाने भराभर दगड उचलून बाजूला टाकले आणि हात पसरून तो वाटेत उभा राहिला.

"नकाशात सरळ, इथे वाकडी? हा काय प्रकार आहे?" अध्यक्ष गरजले.

"साहेब, नकाशा चुकला. हे घ्या पागोटे. पण आधी खाली उतरा."

अध्यक्ष उतरले, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी ही कुठे बसेल?"

"कुणास ठाऊक, साहेब!"

अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. "मग ही वाट शाईने काढू नकोस."

त्या गावाच्या नकाशात आजही सगळ्या वाटा शाईच्या आहेत, फक्त माळावरची पेन्सिलीची. आणि दर उन्हाळ्यात मुकादम खिशात खोडरबर घेऊन दहीवाल्या आजीच्या मागून पायी जातो.

तात्पर्य: वाट वाकडी दिसली, तर ती सरळ करण्याआधी खाली उतरून तिच्या वळणाचे कारण शोधावे.