बुंगीची रांगोळी

बुंगी चिचुंद्री एवढीशी. तिची घाई मात्र एवढीऽऽ मोठी!

आज मावशी येणार होती. मग दारात रांगोळी नको? बुंगीने झाडलं नाही. पाणी शिंपडलं नाही. धुळीतच केली सुरुवात. टिप् टिप् टिप्! धूळ गेली नाकात. आऽऽक् छीं! सगळी रांगोळी भुर्र. मावशी तर निघालीसुद्धा असेल! बुंगीला रडूच आलं.

डब्यात चिमूटभर रांगोळी उरली होती. बुंगी तिला म्हणाली,

"रांगोळी रांगोळी, अंगणात बस. रांगोळी बसली की मावशी हसेल."

"धुळीत? मी नाही जा! आधी गडूला सडा घालू दे."

तुरुतुरु तुरुतुरु! बुंगी गेली पाण्याच्या गडूकडे.

"गडू गडू, सडा घाल. सडा पडला की रांगोळी बसेल. रांगोळी बसली की मावशी हसेल."

"केरावर? मी नाही जा! आधी केरसुणीला झाडू दे."

तुरुतुरु तुरुतुरु! बुंगी गेली केरसुणीकडे.

"केरसुणी केरसुणी, अंगण झाड. झाडून झालं की सडा पडेल. सडा पडला की रांगोळी बसेल. रांगोळी बसली की मावशी हसेल."

"कोंबडीवरून? मी नाही जा! आधी तिला उठू दे."

कोंबडी अंगणाच्या मधोमध पसरली होती. घुर्र घुर्र!

"कोंबडी कोंबडी, ऊठ. तू उठलीस की झाडून होईल. झाडून झालं की सडा पडेल. सडा पडला की रांगोळी बसेल. रांगोळी बसली की मावशी हसेल."

कोंबडीने एकच डोळा उघडला.

"आधी काय, मग काय, ते नीट सांग. नाहीतर मी नाही जा!"

बुंगी थांबली. आज पहिल्यांदाच थांबली! मग एकेक बोट मोजत म्हणाली,

"आधी तू ऊठ. मग केर. मग सडा. मग रांगोळी. मग मावशी!"

"अगं, हे आधीच ठरवायचं होतंस! माझी झोप कशाला मोडलीस?"

कोंबडी उठली, फडफड फडफड. केरसुणीने झाडलं, सर्र सर्र. गडूने सडा घातला, शिप् शिप्. रांगोळी बसली, टिप् टिप् टिप्. या वेळी शिंक नाही की काही नाही!

इतक्यात मावशी आलीच.

"अगंबाई! बुंगे, ही रांगोळी तू काढलीस?"

मावशी हसली. खुदुखुदु हसली. तिने बुंगीला दिले दोन लाडू.

बुंगीने लगेच ठरवलं. "आधी हा. मग तो."

"आणि मला गं?" कोंबडीने विचारलं.

बुंगीचं तोंड दुसऱ्या लाडवाने गच्च भरलं होतं. तरी ती म्हणालीच,

"अगं, हे आधीच सांगायचं होतंस!"