निळ्या अंगठ्याचा ठिपका

एका राज्यात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नव्हता. तळ्याचं पाणी वाऱ्यावाचून हिंदकळत होतं, गाई बसता बसता दचकून उठत होत्या, पाखरं घरट्यात टेकत नव्हती. राणी सुवृतेचं तान्हं बाळ तर अमावास्येपासून निजलंच नव्हतं. रडून रडून त्याचा आवाज गेला. वैद्य म्हणाले, "राणीसाहेब, आज निजलं तरच वाचेल."

हे सारं घडलं ते राजा मेघांकाच्या हौसेपायी. अंजन नावाच्या मायावी चिताऱ्याने त्याला तळ्याचं चित्र काढून दिलं. त्यात रेघ एकही नाही, नुसते रंगाचे ठिपके. जवळून पाहावं तर सगळा राडा, दुरून पाहावं तर पहाटेचं निवांत तळं. त्या देशीच्या चिताऱ्यांची रीत अशी, की एक ठिपका कोरा ठेवायचा. चित्रात शिरलेली शांतता तिथून माघारी जाते. पण आमच्या राजाला अपुरं काही खपेल तर ना! चिताऱ्याची पाठ वळताच त्याने अंगठा निळ्या रंगात बुडवला आणि ती जागा बुजवली. चितारी संतापून आपल्याच रंगांत विरघळला, आणि राज्याची सारी शांतता चित्रात कोंडली गेली.

तेव्हापासून राजा चित्राला नाक लावून बसलेला. तेवढ्या जागी त्याला कसलीच काळजी वाटत नसे.

राणी बाळाला घेऊन आली. "महाराज, तो ठिपका दाखवा. मी खरवडते."

"सगळे सारखेच दिसतात," राजा म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

खिडकीवर एक खंड्या या पायावरून त्या पायावर नाचत होता. तो म्हणाला, "राजा, तीन गोष्टी कर. ऊठ. चित्राकडे तोंड ठेवून मागे चाल. जिथे जीव सर्वांत जास्त घाबरेल, तिथे थांब."

राणीने बाळ राजाच्या हातात ठेवलं आणि ती चित्रापाशी उभी राहिली. राजा मागे मागे निघाला. त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. बाळाचं अंग तापलेलं होतं, तोंड रडायला उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. हे त्याला आता दिसलं. पळत चित्रापाशी जावं असं त्याला वाटलं, इतका तो भ्याला. पण तो थांबला. तिथून चित्र पुरं दिसत होतं, आणि पिवळ्या आभाळात एक निळा डाग होता.

"डावीकडे," तो ओरडला. "वर. आणखी वर. तोच!"

राणीने नखाने डाग खरवडला.

तळं स्थिरावलं. गाई बसल्या. खंड्याने पंख मिटले. बाळाने एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

"महाराज, आणा इकडे. हात अवघडले असतील," राणी हळूच म्हणाली.

"असू दे," राजा म्हणाला. "हलवलं तर उठेल."

तो उजाडेपर्यंत तसाच उभा राहिला. चित्राकडे त्याने पाहिलं नाही. ते बाळ निजलं, तशी तुमच्या घरची बाळंही सुखाने निजोत.