उघडं कालव

खोटं वाटेल, पण रत्नागिरीत मांडवीला चांगुणा तांडेलचं मासळीचं हॉटेल आहे, तिथं भर दुपारी एक शेट येऊन बसला. कपडे भारी, पण अंगातून खारं पाणी निथळत होतं आणि सावली पडत नव्हती. चांगुणानं ओळखलं, हा गिऱ्हा, माणसाला पाण्यात ओढून नेणारं भूत.

"बाय, कालवं वाढ. जेवतो तिथला रिवाज मी मोडत नाही. पण पोट भरलं नाही, तर तुला नेणार."

सुरीच्या मुठीनं कालवाचा एकेक शिंपला टकटकवून ती वाढत राहिली. तीन टोपल्या संपल्या. त्यानं जबडा वासला, "आणखी!"

 चांगुणानं सुरीच्या मुठीनं त्याच्या हनुवटीवर टकटक केलं.

"हे काय गं?"

"इथला रिवाज, शेटजी. टकटक केल्यावर तोंड मिटेल ते कालव जिवंत. उघडं राहील ते मेलेलं, ते आम्ही समुद्रात फेकतो. तुम्ही तोंड मिटलंत, तर जेवण झालं. नाही मिटलंत, तर मेलेल्याला माझ्याकडे पान नाही."

गिऱ्ह्यानं कटकन तोंड मिटलं. खुर्ची रिकामी झाली आणि फरशीवरचं पाणी उंबऱ्याबाहेर सरकत गेलं.

चांगुणा अजून कालवं टकटकवते. दर टकटकीला त्या रिकाम्या खुर्चीवर कुणाचं तरी तोंड कटकन मिटल्याचा आवाज येतो.